बरी होत आहे, पण आनंद वाटत नाही. कृतज्ञतेच्या वहीत नेमके काय लिहावे?

कोरी वही यांचा प्रश्न

नमस्कार.

गेले पंधरा महिने मी ॲनोरेक्सियावर, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडत जाण्याच्या आजारावर, उपचार घेत आहे. माझे वय २४, गाव साताऱ्याजवळचे. शिक्षणासाठी पुण्यात आले आणि आजार वाढल्यावर वसतिगृह सोडून मावशीकडे राहायला गेले. वजनाचे, मापांचे किंवा खाण्याच्या प्रमाणाचे आकडे मी मुद्दाम लिहिलेले नाहीत. उत्तर देणाऱ्यांनीही ते लिहू नयेत अशी विनंती आहे, कारण असा एखादा आकडा डोळ्यांपुढे आला की माझ्यासारखीचे मन लगेच त्याच्याशी चढाओढ सुरू करते.

शरीराच्या बाजूने पाहिले तर तक्रारीला जागा नाही. बंद झालेली पाळी पुन्हा सुरू झाली आहे, केस गळायचे थांबले आहेत, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत नाही आणि भर वैशाखात स्वेटर घालून बसण्याची वेळ यंदा आली नाही. आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या वेळांना तीन जेवणे आणि मधली खाणी मी घेते. घड्याळ सांगते म्हणून घेते, भूक अजून फारशी बोलत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मला वाटले होते की खाणे मार्गावर आले की पूर्वीची मी परत येईन, गाणी ऐकावीशी वाटतील, मैत्रिणींबरोबर हसू येईल. तसे काही झालेले नाही. दिवस जातो, रात्र होते. दुःख आहे असेही म्हणता येत नाही, सगळे नुसते सपाट आहे. उलट आजारात असताना, एक जेवण चुकवले की कसली तरी जिंकल्याची भावना मनात यायची. तीही आता गेली आहे आणि तिच्या जागी काही आलेले नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे ते लिहिले.

माझ्या समुपदेशकांनी दोन महिन्यांपूर्वी रोज रात्री कृतज्ञता वाटेल अशा तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. पहिल्या आठवड्यात आई, बाबा, मावशी, डॉक्टर असे लिहून झाले. त्यानंतर वही हळूहळू बदलत गेली. आईने माझ्यासाठी घेतलेली बिनपगारी रजा, बाबांनी मोडलेली मुदत ठेव, मावशीने माझ्या वेळा सांभाळायच्या म्हणून सोडलेला भजनी मंडळाचा गुरुवार हे सगळे तिच्यात उतरू लागले. परवा मागची पाने उलटून पाहिली, तेव्हा ती मला वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी दिसली. हे एवढे मी कधी फेडणार, असा विचार आला आणि त्या रात्री दूध प्यायले गेले नाही.

यात लहानपणापासूनचे संस्कारही मिसळलेले असावेत. आमच्या घरी पानात टाकायचे नाही हा नियम होता, स्वयंपाकघराच्या भिंतीवर "अन्न हे पूर्णब्रह्म" अशी पाटी होती, आणि आजार लक्षात येण्याच्या आधी "लोकांना खायला मिळत नाही आणि तुला मिळते तर नको" हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. त्यामुळे अन्नाबद्दल कृतज्ञ राहायचे म्हटले की मला आधी अपराधीच वाटते.

तीन आठवड्यांनी गणपतीसाठी गावी जायचे आहे. घर नातेवाइकांनी भरलेले असेल आणि "आता कशी सुधारलीस!" हे प्रत्येक जण म्हणेल. हाच शब्द डॉक्टर उच्चारतात तेव्हा धीर येतो. कोपऱ्यावरच्या काकूंच्या तोंडी तो वजनाबद्दल असतो हे मला कळते.

ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांना विचारावेसे वाटते की आनंद परत आला का, आला तर कसा ओळखला, आणि कृतज्ञतेची ही वही मी चालू ठेवावी की मिटावी?

---

पेरूवाली यांचे उत्तर

तुला "तू" म्हणते, माझे वय ४१ आहे. मला बुलिमिया होता, म्हणजे बेसुमार खाऊन मग ते उलटून टाकण्याचा आजार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुरू झाला आणि जवळजवळ दहा वर्षे कोणाला पत्ता नव्हता, कारण या आजारात माणूस बाहेरून बरेचदा धडधाकट दिसतो. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी दातांची झीज पाहून मला एकटीला थांबवून विचारले आणि तिथून उपचार सुरू झाले.

आजारात जिंकल्यासारखे वाटायचे असे तू लिहिलेस, ते वाचून मला बरे वाटले, कारण हे कबूल करायला मला चार वर्षे लागली होती. त्या भावनेची आठवण येते म्हणजे तू बरी होत नाहीस असे समजू नकोस. आजार डोक्यात फार मोठी जागा अडवून बसलेला असतो. काय खाल्ले, काय खाणार, कोणी पाहिले का, आता काय करायचे, यातच दिवसाचे सोळा तास जातात. तो भाडेकरू निघून गेला की खोल्या लगेच भरत नाहीत. बरेच दिवस घर भकास वाटते आणि आपलाच आवाज घुमतो. तुझे सध्या हेच चालले असावे असे मला वाटते.

आनंद कसा ओळखला, याचे उत्तर थोडे विचित्र आहे. मी त्याला येताना पाहिलेच नाही. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला कार्यालयातल्या दोघीतिघी जणी गेलो होतो. परतताना रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून पेरू घेतले. तिने चार फाका करून, आत तिखटमीठ भरून, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दिले. खाता खाता आम्ही आमच्या साहेबांच्या मिशीबद्दल काहीतरी बोलत होतो आणि इतके हसलो की माझ्या नाकात तिखट गेले. घरी येऊन चपला काढताना लक्षात आले की मी पेरू खाल्ला, तो आधी मोजला नव्हता आणि नंतर आठवलाही नव्हता. बसमधला तो तासभर माझ्या डोक्यात पेरू नव्हताच, मिशी होती. तो दिवस मी आनंदाचा धरते, पण त्या क्षणी कोणी विचारले असते तर "तोंड भाजले" एवढेच मी सांगितले असते. यानंतरही वाईट दिवस आले, दोनदा आजार उलटलाही, हे लपवत नाही.

वहीबद्दल सांगते. माझ्याही वहीची तुझ्यासारखीच खतावणी झाली होती, आणि मी एक नियम केला की तिच्यात माणसे लिहायची नाहीत. ज्यात कोणाचे उपकार नाहीत आणि ज्याची परतफेड होऊ शकत नाही अशाच गोष्टी लिहायच्या. पहिल्या पावसात कौलावर वाजणारे पाणी, इस्त्री केलेल्या सुती साडीचा वास, समोरच्या गच्चीवर कबुतरे हाकलणारा म्हातारा. काही दिवशी एकच ओळ असायची आणि काही दिवशी "आज काही नाही" असे लिहून मी तारीख टाकत असे. ती कोरी तारीखही मला पुरे वाटायची.

आपल्या घरांत ज्याची फार भीड असते ते उपासही सांगायला हवेत. चातुर्मास, एकादशी, नवरात्र यांच्या आडोशाला माझा आजार वर्षानुवर्षे सुखाने राहिला आणि वर आजीकडून शाबासकीही मिळाली. उपचार सुरू झाल्यावर उपास बंद करायला सांगितले तेव्हा मला देवाचीच भीती वाटू लागली. मग आजीने एक दिवस देवघरापुढे बसून, मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "हिचे उपास आजपासून माझ्या नावावर लिही." तेव्हा आजी ऐंशीच्या घरात होती. मी रडले आणि हसलेही. तिच्याबद्दल जे वाटले ते मी कोणत्याही वहीत लिहिले नाही. गणपतीच्या आधी तुमच्याकडे हरितालिका असेल तर त्या दिवसाचे काय करायचे ते आत्ताच घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरव. आयत्या वेळी ते ठरत नाही.

---

मनोविकारांच्या ओपीडीतून यांचे उत्तर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. आपल्याला न तपासता आपल्याविषयी निदान करणे योग्य होणार नाही. तरीही प्रश्नातल्या दोन गोष्टींविषयी सर्वसाधारण माहिती देणे उपयोगाचे ठरेल असे वाटते.

पहिली गोष्ट त्या सपाटपणाची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने उपासमारीवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यासाठी आपणहून पुढे आले होते. उपासमारीने खंगलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे उभे करायचे हे शोधणे हा त्याचा हेतू होता. या तरुणांना २४ आठवडे अपुरे अन्न देण्यात आले. त्यांच्यापैकी कोणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता, तरीही ते चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून तुटले, त्यांचा विनोद आटला. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, जेवण तासन्‌तास चिवडत बसू लागले आणि त्यांच्या बोलण्यात अन्नाखेरीज विषय उरला नाही. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे ते याच्या पुढे आहे. अन्न वाढवल्यावर त्यांचे मन लगेच ताळ्यावर आले नाही. पुन्हा पोसण्याच्या पहिल्या आठवड्यांत काहींची मनःस्थिती आणखी बिघडली आणि पूर्वपदावर यायला अनेकांना महिने लागले. शरीर आधी भरते, मन मागाहून येते, हा क्रम त्या वेळेपासून नोंदवला गेलेला आहे. आपल्या बाबतीत तर उपासमारीच्या जोडीला आजारही होता, म्हणून हा विलंब आपल्या इच्छाशक्तीतील किंवा स्वभावातील उणीव समजू नये.

तरीही सगळा सपाटपणा उपासमारीच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. खाण्याच्या विकारांसोबत नैराश्य आणि चिंताविकार पुष्कळदा आढळतात, ते वेगळे तपासावे लागतात आणि त्यांना वेगळे उपचार असतात. आपण प्रश्नात जे लिहिले आहे तेच पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना वाचून दाखवावे. जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी घरातील कोणाला तरी आणि डॉक्टरांना सांगावे; शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेच्या वहीची. या पद्धतीला प्रसिद्धी मिळाली ती रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या संशोधनामुळे. त्यातील एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, चांगल्या गोष्टींची छोटी यादी केली होती आणि कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा त्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले होते. हे विद्यार्थी खाण्याच्या विकाराचे रुग्ण नव्हते, आणि पुढे झालेल्या आढाव्यांत नैराश्य व चिंता यांच्यावर अशा वह्यांचा परिणाम माफकच दिसून आला आहे. थोडक्यात, ही वही पूरक साधन आहे. ती न जमल्याने उपचार अडत नाहीत. ॲनोरेक्सिया असलेल्या व्यक्तींमध्ये स्वतःला कठोर नियमांत बांधून घेण्याची आणि चूक झाल्यास शिक्षा करण्याची वृत्ती बरेचदा प्रबळ असते, त्यामुळे रोज तीन म्हणजे रोज तीन असा नेम हाही आणखी एक नियम बनू शकतो. वही वाचून दूध सुटले, ही नोंद आपल्या समुपदेशकांच्या दृष्टीने फार मोलाची आहे; त्यांना ती अवश्य सांगावी. ते नाराज होतील अशी शंका मनात असेल तर तीही सांगावी.

गणपतीविषयी एवढेच की ठरलेल्या खाण्याच्या वेळा गावीही तशाच ठेवाव्यात आणि दुपारी मोदक आहेत म्हणून सकाळचे खाणे वगळू नये. साठवून ठेवण्याचा हा हिशेब वरवर शहाणपणाचा वाटतो आणि तिथूनच पुन्हा घसरण सुरू झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

---

सोलापूरची आई यांचे उत्तर

बाळ, मी पलीकडच्या बाजूची आहे. माझी मुलगी आता १९ वर्षांची आहे. सोळाव्या वर्षी तिला ॲनोरेक्सिया झाला. आम्हाला डॉक्टरांनी जी पद्धत सांगितली होती तिच्यात सुरुवातीला जेवणाची सगळी सूत्रे आईवडिलांनी हाती घ्यायची असतात आणि मूल सावरत जाईल तशी ती हळूहळू त्याच्याकडे परत द्यायची असतात. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात ही पद्धत विकसित झाली असे त्यांनी सांगितले होते. आमच्या घरात तिचा अर्थ एवढाच होता की वर्षभर मी प्रत्येक जेवणाला तिच्या समोर बसले.

तुझ्या त्या उधारीच्या वहीबद्दल मला बोलायचे आहे. आईवडील हिशेब ठेवत नाहीत असे गोड बोलून मी तुझी समजूत काढणार नाही. मी एकदा ठेवला होता. एका रात्री तिने ताट भिंतीवर फेकले, ते पुसून झाल्यावर मी ओट्याशी उभी राहून मनात मोजत होते की हिच्यापायी माझी नोकरी गेली, भावाच्या मुलीचे लग्न हुकले, नवऱ्याशी धड बोलून सहा महिने झाले. मग झोपले. सकाळी उठून पोहे भिजवले आणि तो हिशेब कुठे गेला ते मलाही कळले नाही. माणूस रागावतो, थकतो, मोजतोही, पण ती बेरीज मुलाकडून वसूल करावी असे त्याच्या मनात नसते. तुझ्या आईच्या मनात काय आहे ते मी कशी सांगू? तूच तिला विचार. आमच्या लेकीने मला विचारले नव्हते आणि मीही बोलले नव्हते, त्यात आमचे एक वर्ष उगीच गेले.

आनंदाचे विचारलेस, तर माझ्या आनंदाचा दिवस मला नीट आठवतो. आजारात तिला चव अशी नव्हतीच. ताटातली वस्तू किती आहे एवढेच तिला दिसायचे. खारट, आळणी, करपलेले, काहीही असो, ती औषधासारखे गिळायची आणि मी उठेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायची. साधारण अकराव्या महिन्यात एका दुपारी तिने आमटीचा भुरका मारला, चमचा खाली ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आई, मीठ घातलेच नाहीस." मी खरेच विसरले होते. मीठ आणायला म्हणून आत गेले आणि डब्याचे झाकण हातात घेऊन रडत उभी राहिले. तिकडून तिचा आवाज, "मिळाले का मीठ?" पंधरा दिवसांनी तिने भाकरी जाड झाल्याचे सांगितले. इतकी वर्षे स्वयंपाक केला, पण नावे ठेवल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

नातेवाइकांचे काम तू करू नकोस, ते आईला सांग. आम्ही दिवाळीआधी जवळच्या आठदहा घरी फोन केले आणि स्पष्ट सांगितले की तिच्या अंगावर, ताटावर काहीही बोलायचे नाही. "सुधारलीस" नाही, "बारीक होतीस तेव्हा" नाही आणि पंगतीत आग्रहही नाही. दोन जण रुसले. रुसू देत.

---

तालमीतला यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे. मी वही सरळ बंद केली.

मी कोल्हापूरचा, वय २९. पुरुषांना हा आजार होत नाही असे मला तर वाटत होतेच, पण मी पहिल्यांदा ज्यांना दाखवले त्यांनाही तसेच वाटत होते. पथ्य आणि व्यायाम करणारा शिस्तीचा मुलगा म्हणून पाठ थोपटून त्यांनी मला घरी पाठवले. प्रत्यक्षात मी दोन दोन दिवस मोजून खात असे, मग एका रात्री हाताला लागेल ते खात असे आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा म्हणून तालमीत चक्कर येईपर्यंत थांबत असे. उपचारांत मीही कृतज्ञतेची नोंद मोबाइलवर करू लागलो. ते ॲप सलग किती दिवस लिहिले ते दाखवायचे. झाले, मला आणखी एक आकडा मिळाला. सत्तेचाळिसाव्या दिवशी नोंद चुकली तेव्हा मला स्वतःचा जो राग आला तो पाहून मीच घाबरलो आणि ॲप काढून टाकले. मनगटावरचे पावले मोजणारे घड्याळही त्याच दिवशी धाकट्या भावाला दिले.

आमच्याकडे फुटबॉलचे वेड किती आहे ते सर्वांना माहीत आहे. पेठेतल्या मुलांबरोबर मी पुन्हा संध्याकाळी खेळू लागलो, डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच. खेळात चेंडू आपल्याकडे येतो तेव्हा शरीर कसे दिसते याचा विचार करायला वेळच नसतो. सामना हरलो की शिव्या देत तांबड्या रश्श्याला बसतो. याला आनंद म्हणायचे की कृतज्ञता, मला ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही वाटलेली नाही. आपल्याला लिहिण्याने त्रास होत असेल तर तसे समुपदेशकांना सांगून थांबावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

---

कोरी वही यांचे पुन्हा

सर्वांची उत्तरे दोनतीनदा वाचली. काल समुपदेशकांना वही दाखवली आणि दुधाचेही सांगितले. त्या नाराज झाल्या नाहीत. गणपती होईपर्यंत वही त्यांच्याच कपाटात ठेवू म्हणाल्या, आणि पुढच्या भेटीला मनोविकारतज्ज्ञांचीही वेळ घेतली आहे. आईला फोनवर हिशेबाचे विचारले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की रजेचे दुःख नाही, पण त्या रजेत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस याचे आहे. आम्ही पाऊण तास बोललो. हरितालिकेला मी जेवणार आहे, हे ती घरात सांगणार आहे.

सोलापूरच्या काकूंच्या उत्तराने मात्र मला वेगळ्याच ठिकाणी टोचले. मावशीच्या आमटीत गूळ फार असतो. हे मला गेले तीन महिने जाणवते आहे, म्हणजे चव मला केव्हाच लागू लागली होती. पण ती माझ्यासाठी एवढे करते, तिच्या हातच्याला कसे नाव ठेवायचे, म्हणून मी बोलले नव्हते आणि ते बरे होण्यात धरायचे असते हेही मला सुचले नव्हते. काल रात्री बोलले. मावशीने भुवया वर केल्या आणि म्हणाली, "बरं, मग उद्या तूच कर."

त्यामुळे आता एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. तीन माणसांच्या चिंचगुळाच्या आमटीला काय किती घालायचे, ते काकूंनी कृपया सांगावे. हे आकडे लिहिलेले मला चालतील.

---

सोलापूरची आई यांचे उत्तर

आमच्याकडे याला आकडे नाहीतच, बाळ. एक वाटी तुरीची डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजव. आवळ्याएवढी चिंच कोमट पाण्यात आधीच भिजत टाक आणि गूळ सुपारीएवढाच घे, मावशी शेजारी उभी राहून कितीही खुणा करो. फोडणीत मोहरी तडतडल्याशिवाय कढीपत्ता टाकू नकोस. मसाला तुमच्याकडे गोडा असेल. आम्ही काळा घालतो, तो हवा असेल तर पुण्याला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पुडी पाठवते. आणि उकळी आली की मीठ. मी विसरले होते, तू विसरू नकोस.